पात्रता सिस्टीम नवी करताय? मग ‘अपात्र’चं बटण सगळ्यात शेवटी बनवा

पुण्यात नऊ वर्षं एका आयटी कंपनीत अमेरिकेतल्या एका राज्याच्या एलिजिबिलिटी सिस्टीमवर काम केलं, म्हणजे तिकडची गरीब माणसं स्नॅपमध्ये, म्हणजे किराण्यासाठीच्या सरकारी मदतीत, जिला लोक अजून फूड स्टॅम्पच म्हणतात, आणि मेडिकेडमध्ये, म्हणजे सरकारी आरोग्य विम्यात, बसतात का नाही हे ठरवणारं सॉफ्टवेअर. आता सांगलीत विश्रामबागला घरी बसून तेच काम करतोय. अशी सिस्टीम नव्यानं करताना काय बघायचं हे टीममध्ये नवीन आलेली पोरं दर महिन्याला तेच तेच विचारतात म्हणून एकदाच लिहून टाकतो, आणि खरं सांगायचं तर लिहायला बसलो ते आत्तीमुळं.

आत्तीला श्रावणबाळ या म्हाताऱ्यांच्या पेन्शनचे महिन्याला १५०० मिळायचे. पैसे डीबीटीनं थेट खात्यात यायला लागले तेव्हा आधारची पडताळणी आली, आणि हिचं जुन्या यादीत नाव आक्काताई तर आधारवर अक्काताई, वर जन्म हळदीच्या खळ्यावर गेलेला त्यामुळं बोटाचे ठसे उठत नाहीत. पैसे थांबले. तीन चकरा मारल्यावर कळलं की तिला कुणी अपात्र ठरवलंच नव्हतं, नुसती पडताळणी अडकली होती. ती मला म्हणाली, "आरं मी जित्ती हाय न्हवं, मग पैसं कुणाला इचारून थांबिवलं?" नऊ वर्षांत एकाही मीटिंगला इतका नेमका प्रश्न ऐकला नाही.

तर पहिलं काम, कॉम्प्युटर बंद ठेवा आणि कारकुनाच्या टेबलाशेजारी बसा. एक दिवस नाही, निदान दोन आठवडे. टेबलाच्या काचेखाली एक चिठ्ठी असते बघा, त्यात खरी सिस्टीम असते. आमच्याकडं असंच झालेलं. जुन्या काळ्या स्क्रीनवरच्या सिस्टीमला सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिकडचा आधारसारखा नंबर, लागायचाच, पण नुकत्या जन्मलेल्या बाळाला तो आलेला नसायचा, मग तिकडच्या ऑफिसात काम करणाऱ्या बायका नऊ वेळा नऊ टाकून पुढं जायच्या आणि नंबर आला की बदलायच्या. हे कुठल्याही डॉक्युमेंटात नव्हतं. आम्ही नव्या सिस्टीममध्ये मोठ्या हौसेनं कडक व्हॅलिडेशन, म्हणजे नंबर खरा आहे का याची तपासणी, लावलं आणि टेस्टिंगच्या पहिल्याच आठवड्यात बाळंच अडकायला लागली. दोन महिने रिक्वायरमेंटच्या मीटिंगा घेतल्या त्यात हे एकदाही निघालं नाही, कारण त्या बायकांना ती अडचण वाटतच नव्हती, रोजचं काम होतं.

फॉर्म पण तेव्हाच बघून घ्या. मिशिगन राज्याचा जुना अर्ज ४० पानांच्या वर होता आणि त्यात हजाराच्या वर प्रश्न होते, तो त्यांनी माणसांसोबत बसून ८० टक्के कमी केला. प्रत्येक प्रश्नाला एकच विचारायचं, याच्या उत्तरानं निकाल बदलतो का? नसेल बदलत तर काढा.

आता नियम. इथं जरा वेळ घालवा, कारण पुढचं सगळं यावर उभं राहतं. नियम आधी साध्या भाषेत लिहा, कोडात नको, आणि प्रत्येक आकड्यापुढं कधीपासून कधीपर्यंत ते लिहा. संजय गांधी निराधारला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत पाहिजे, हा आकडा कोडात शंभर ठिकाणी टाकला की मेलात. अनुदान २०२३ मध्ये १००० चं १५०० झालं, स्नॅपच्या मर्यादा तर दरवर्षी १ ऑक्टोबरला बदलतात. आणि मागच्या महिन्यांची केस आज उघडली तर तिला त्या महिन्यांचाच नियम लागतो, आजचा नाही. म्हणून आकडे टेबलात, तारखेसकट.

सगळ्यात जास्त भांडणं ‘कुटुंब’ या शब्दावर होतात. स्नॅपमध्ये घर म्हणजे एका छपराखालची माणसं नव्हेत, जी एकत्र किराणा आणतात आणि एकत्र शिजवून खातात ती. टीममधल्या पोरांना मी हे एका वाक्यात सांगतो, चूल वेगळी तर घर वेगळं. लगेच डोक्यात बसतं. मग अपवाद सांगतो की नवरा-बायको एका घरात राहत असतील तर चूल वेगळी म्हणून चालत नाही, आणि २२ वर्षांखालचं पोर आईबापाजवळ राहत असेल तर ते त्यांच्यातच धरायचं. आपल्याकडं विटा-आटपाडी भागात मुलगा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या, धंद्यात परराज्यात, सून त्याच्याजवळ, म्हातारी इकडं एकटी आणि रेशनकार्डावर मात्र सगळे एकत्र, हे किती घरांत आहे? सिस्टीम कार्ड वाचणार का चूल बघणार हे आधी ठरवून घ्या, आणि ते ठरवणं प्रोग्रॅमरचं काम नाही, खात्याकडून लेखी घ्या.

माणूस आणि कुटुंब यात गल्लत केली की काय होतं त्याचं मोठं उदाहरण २०२३ चं. कोविडमध्ये अमेरिकेत मेडिकेडमधून कुणालाच काढायचं नाही असं ठरलेलं, ते ३१ मार्च २०२३ ला संपलं आणि सगळ्यांची पुन्हा तपासणी सुरू झाली. आता मुलांसाठी उत्पन्नाची मर्यादा आईबापांपेक्षा जास्त असते, म्हणजे बाप बसत नसला तरी पोरगं बसू शकतं. पण बऱ्याच राज्यांच्या सिस्टीम आपोआप नूतनीकरण करताना पूर्ण घराला एकच निकाल लावत होत्या, घरातल्या एकाची माहिती जुळली नाही की अख्ख्या घराला फॉर्म, आणि फॉर्म परत आला नाही की अख्खं घर बाहेर. सप्टेंबरपर्यंत जवळजवळ ५ लाख माणसांना परत घ्यायची पाळी आली, त्यात लहान मुलंच बरीच. त्या पूर्ण मोहिमेत अडीच कोटीच्या वर माणसं बाहेर पडली आणि त्यातली साधारण ७० टक्के कागदपत्रांच्या कारणानं, म्हणजे बसत नाहीत हे सिद्ध झालं म्हणून नव्हे. आक्काताईच की सगळ्या.

डेटाचं आता. जुनी यादी नव्या सिस्टीमला नेताना नावं जुळणार नाहीत हे धरूनच चाला. लग्नाआधीचं नाव, नंतरचं नाव, इंग्रजी स्पेलिंग ऑपरेटरच्या मर्जीनं, मधलं नाव कधी नवऱ्याचं कधी बापाचं. जुळलं नाही तर नापास असं करू नका, किती जुळलं याचे मार्क द्या, थोडक्यात हुकलेलं माणसाकडं पाठवा. जन्मतारखेत अजून एक गंमत आहे. ज्यांना नक्की तारीख माहीत नाही त्यांच्या आधारवर १ जानेवारी आणि अंदाजे साल असतं, त्यामुळं दर १ जानेवारीला गावची गावं एकदम ६५ ची होतात आणि संजय गांधीमधून श्रावणबाळला जायला रांगेत येतात. ही टेस्ट केस लिहाच. बँकेचं पण बघा, आधारनं पाठवलेले पैसे जे खातं सगळ्यात शेवटी आधारला जोडलं त्यात जातात, बाईनं बचत गटासाठी दुसरीकडं खातं काढलं असेल तर पैसे तिकडं, आणि ती जुनं पासबुक भरून भरून रडतेय. स्टेटसमध्ये नुसतं ‘यशस्वी’ दाखवू नका, बँकेचं नाव आणि खात्याचे शेवटचे चार आकडे दाखवा. आणि ‘मूळ कागद आणा’ हे २०१९ च्या महापुरात कपाट बुडालेल्या माणसाला सांगू नका. सरकारकडंच असलेला दाखला सरकारनंच शोधावा.

दुसऱ्या खात्यांचा डेटा जोडला की सगळ्यांना वाटतं आता बोगस सापडणार. सापडतात, नाही असं नाही. लाडकी बहीणमध्ये २०२५ च्या जुलैत २६ लाखांवर नावं संशयित म्हणून निघाली, मग घरोघरी जाऊन बघायला लागलं. नियमात चारचाकी चालत नाही पण ट्रॅक्टर चालतो, आता गाड्यांच्या यादीत हा फरक नीट आला नाही तर आपल्या जिल्ह्यात काय होईल तुम्हीच सांगा. तेलंगणात तर आधी कार्डं रद्द झाली, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं १९ लाख रद्द रेशनकार्डं जागेवर जाऊन पुन्हा तपासायला सांगितली. कॉम्प्युटरला दिसलं म्हणजे एक शंका निघाली, इतकंच.

म्हणून माझा एकच हट्ट असतो आणि त्यापायी मॅनेजरशी दोनदा वाजलंय. स्टेटस तीन ठेवा. बसतं, बसत नाही, अजून कळलं नाही. हे तिसरं लोक विसरतात आणि त्याला दुसऱ्यात ढकलतात. इंडियानानं २००६ मध्ये सगळं काम एका कंपनीला दहा वर्षांसाठी दिलं, कॉल सेंटर आलं, आणि कागद हरवला, फोन लागला नाही तरी अर्जावर ‘सहकार्य केलं नाही’ असं कारण पडायला लागलं, २००९ ला करार मोडला. ‘कळलं नाही’ अशा केसला दोन गोष्टी चिकटवा. एक, चालू असलेले पैसे चालूच. दोन, कुठल्यातरी एका जिवंत माणसाच्या यादीत ती केस, तारखेसह. ‘बसत नाही’चं बटण त्या माणसानंच दाबायचं, रात्री आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमनं नाही. अमेरिकेत तर १९७० पासून सुप्रीम कोर्टाचा निकालच आहे की मदत बंद करण्याआधी म्हणणं मांडायची संधी द्यायची. खर्च वाढतो म्हणतात, वाढू दे, चुकून काढलेल्याला परत घ्यायचा खर्च कुणी मोजलाय का?

गो-लाइव्हचं, म्हणजे नवी सिस्टीम प्रत्यक्ष सुरू करायचं, फार सांगत नाही. एका तालुक्यात सुरू करा, महिनाअखेर टाळा, दोन-तीन महिने त्याच केसेस जुन्या-नव्या दोन्हीकडं चालवून जिथं निकाल वेगळा येतो ती प्रत्येक केस हातानं बघा, कधी कधी जुनीच चुकीची निघते. जुनी माणसं इतक्यात काढू नका. ऱ्होड आयलंडनं सप्टेंबर २०१६ मध्ये नवी सिस्टीम आणली आणि त्याआधीच अनुभवी कर्मचारी कमी केले, मग अर्जांचा हजारोंनी ढीग साचला. स्नॅपचा निकाल ३० दिवसांत द्यायचा असतो, अगदीच हातावर पोट असेल तर ७ दिवसांत, तिथं ढीग परवडत नाही.

राहिला मेसेज. हा सगळे शेवटच्या शुक्रवारी लिहितात. मी नमुना म्हणून एक मराठीत लिहिला, ‘आपल्या प्रकरणाची पडताळणी प्रलंबित असल्याने पुढील कार्यवाही स्थगित करण्यात आली आहे’, आणि आत्तीला वाचून दाखवला. तिनं शेंगा फोडता फोडता ऐकला आणि विचारलं, "म्हंजे मिळणार का न्हाय?" मग बदलला. पहिलं वाक्य आता असं आहे, ‘तुमचे पैसे चालू आहेत.’ मग कुठला कागद, कुठं द्यायचा, कुठल्या तारखेपर्यंत. तिनं परत ऐकला आणि म्हणाली, "तारीख आदी सांग, यष्टी बघाय लागती."