पाण्याचा स्वतःचा रंग कसा पाहावा

पाणी रंगहीन असते, हे वाक्य आपण शाळेत पाठ केलेले असते आणि पेल्यापुरते ते खरेही आहे. शुद्ध पाण्याचा रंग प्रत्यक्षात फिकट निळा असतो. मात्र तो दिसण्यासाठी प्रकाशाला पाण्यातून काही मीटर अंतर कापावे लागते. पाण्याच्या रेणूतील हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या बंधांची कंपने लाल प्रकाश थोडाथोडा शोषून घेतात. ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश एक मीटर पाण्यातून जाताना जवळजवळ निम्मा उरतो, तर निळा प्रकाश जवळपास तसाच पुढे जातो.

हे पडताळण्यासाठी सुमारे ३ मीटर लांबीच्या, आतून पांढऱ्या अशा दोन नळ्या घ्याव्यात आणि त्यांची टोके पारदर्शक प्लास्टिकच्या चकत्यांनी घट्ट बंद करावीत. एक नळी रिकामी ठेवून दुसरी स्वच्छ, गाळलेल्या पाण्याने काठोकाठ भरावी आणि बुडबुडे निघून जाईपर्यंत थांबावे. मग नळ्यांच्या एका टोकापलीकडे पांढरा कागद भरपूर उजेडात ठेवून दुसऱ्या टोकातून आळीपाळीने पाहावे. रिकाम्या नळीतून पांढरा दिसणारा कागद भरलेल्या नळीतून निळसर दिसतो. जड पाण्यात, म्हणजे साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम हा त्याचा जड प्रकार असलेल्या पाण्यात, मात्र हा निळेपणा दिसत नाही, कारण ड्युटेरियम अधिक जड असल्यामुळे कंपने मंदावतात आणि शोषण डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त भागात सरकते. निळेपणाचे मूळ कंपनांतच आहे, याचा याहून सुंदर पुरावा मला माहीत नाही.

उघड्या जलाशयावर अडचण असते ती प्रतिबिंबाची. समुद्राचा निळा रंग म्हणजे आकाशाचे प्रतिबिंब, असे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचे मत होते. १९२१ मध्ये इंग्लंडहून परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी जहाजावरून निकोल लोलकातून, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे जाऊ देणाऱ्या स्फटिकातून, समुद्र पाहिला, तेव्हा प्रतिबिंब वगळल्यावर निळाई नाहीशी होण्याऐवजी अधिकच खुलली. आपल्याला हेच ध्रुवीकरण करणाऱ्या काचेच्या चष्म्याने करता येते. पाणी संथ असताना, पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांचा कोन होईल अशा बेताने खाली पाहावे आणि काच डोळ्यासमोर सावकाश फिरवावी. एका विशिष्ट स्थितीत वरची चकाकी विरते आणि आतला रंग उघडा पडतो.

तो हिरवा किंवा तपकिरी निघाला, तर पाणी पारदर्शक बाटलीत भरून अंधारात बाजूने विजेरीचा झोत टाकावा. झोताची वाट पाण्यात ठळक उमटली, तर माती किंवा सूक्ष्म शैवाल तरंगत आहे असे समजावे. शैवालातील हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश शोषते, म्हणून हिरवा उरतो. पाणी चहासारखे दिसत असूनही झोताची वाट अंधूकच राहिली, तर बहुधा कुजलेल्या पानांतील द्रव्ये त्यात विरघळलेली असतात. नळाचे दुधाळ पाणी तळाकडून वर निवळत गेले, तर ते केवळ हवेचे बुडबुडे होते.

रंगाची नोंद ठेवायची असल्यास १८६५ मध्ये आंजेलो सेक्की यांनी वापरलेली पांढरी तबकडी आजही उपयोगी पडते. नावेच्या सावलीच्या बाजूने ती दोरीने खाली सोडावी, दिसेनाशी होताच दोरीवरची खोली मोजावी, मग तबकडी निम्म्या खोलीपर्यंत वर ओढून तिच्यावर दिसणारा पाण्याचा रंग फोरेल-उले या पाण्याच्या रंगांच्या मापश्रेणीतील २१ छटांशी ताडून पाहावा आणि जुळणाऱ्या छटेचा क्रमांक खोलीसह लिहून ठेवावा.