कोकणातील शाळेचे ग्रंथालय: कपाट उघडे ठेवावे

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असणे आवश्यक आहे. मात्र कोकणात कुलूपबंद कपाटातील पुस्तके दोन्ही अंगांनी वाया जातात: मुलांना ती मिळत नाहीत आणि चार महिन्यांच्या पावसात त्यांना बुरशी लागते. रोज हाताळले जाणारे पुस्तक येथे अधिक टिकते.

त्यासाठी आधी जागा पाहावी. जांभ्या दगडाची भिंत ओल धरते, म्हणून कपाट भिंतीपासून वीतभर पुढे आणि जमिनीपासून उंच, चिऱ्यांवर ठेवावे. पुस्तके दाटीने कोंबू नयेत. मधून हवा खेळली पाहिजे. डांबरगोळ्या मुलांच्या पुस्तकांत ठेवू नयेत, कारण त्या पोटात गेल्यास विषारी ठरतात आणि ओलीवर त्यांचा काही उपयोगही होत नाही. फाटलेले पान कणकेच्या खळीने चिकटवल्यास कसर येते. त्याऐवजी पातळ कागद आणि पांढरा गोंद वापरावा. बुरशी दिसल्यास ते पुस्तक वेगळे काढून, सुकल्यावर मोठ्या माणसाने नाकाला फडके बांधून बाहेर कोरड्या ब्रशने झाडावे.

परिपाठानंतरची पंधरा मिनिटे देवघेवीसाठी राखून ठेवावीत. दाखल क्रमांक (म्हणजे पुस्तकाचा नोंदणी क्रमांक), मुलाचे नाव, नेल्याची व परत केल्याची तारीख एवढ्या चार रकान्यांची वही चौथीची मुले स्वतः लिहू शकतात, आणि माझ्या मते ती त्यांनीच लिहावी, कारण त्यामुळे ग्रंथालय आपले आहे ही भावना त्यांच्यात रुजते. पावसात लांबच्या वाडीवर चालत जाणाऱ्या मुलाला पुस्तकासोबत प्लास्टिकची पिशवी द्यावी. पुस्तक भिजले वा फाटले तरी दंड करू नये. दंडाची धास्ती बसलेले मूल पुन्हा कपाटाकडे फिरकत नाही.

पहिलीच्या मुलांना मोठी चित्रे आणि पानावर एखादीच ओळ असलेली पुस्तके हवीत, तीही त्यांच्या हाताला लागतील अशा खालच्या कप्प्यात, मुखपृष्ठ समोर ठेवून. मोठ्या मुलांसाठी बालभारती १९७१ पासून प्रसिद्ध करत असलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंकही उपयोगी पडतात. घरी मालवणी बोलणाऱ्या मुलाने वाचलेली गोष्ट वर्गात मालवणीतच सांगितली तर त्याला अडवू नये. गोष्ट समजली की नाही हे त्यातून कोणत्याही प्रश्नपत्रिकेपेक्षा स्पष्ट कळते.

पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरमध्ये सगळी पुस्तके पडवीत, सावलीत, पाने मोकळी करून उभी ठेवावीत. थेट उन्हात रंग उडतात आणि कागद ठिसूळ होतो. त्याच दिवशी मुलांकडून दाखल क्रमांक तपासून घेतल्यास वर्षाची मोजणीही पूर्ण होते.