१५ वॉटच्या जुन्या रिसिव्हरला नवे स्पीकर घेताना काय बघायचं

बऱ्याच घरी असते ही गोष्ट. काकाचा नाहीतर मामाचा जुना स्टिरिओ रिसिव्हर (रेडिओ अन् ॲम्प्लिफायर एकाच डब्यात), पायोनियर एसएक्स-४५० म्हणा की मॅरांट्झ २२१५ म्हणा, चॅनलला १५ वॉट, अजून मस्त चालून राहिलाय, पण सोबतच्या स्पीकरचा फोम पार चुरा झाला अन् आता नवे घ्यायचे आहेत. दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "किती वॉटचे पाहिजे भाऊ?" राजेहो, हा प्रश्न बाजूला ठेवा.

स्पीकरच्या मागे १०० वॉट लिहिलं असते ते तो किती सहन करू शकतो त्याचं असते, त्याला तेवढे लागतातच असं नाही. १५ वॉटचा रिसिव्हर १०० वॉटवाल्या स्पीकरला लावला तर काहीच होत नाही. बिघडते कुठं, तर आवाज पुरत नाही म्हणून पोट्टे नॉब शेवटपर्यंत फिरवतात, ॲम्प (ॲम्प्लिफायर) क्लिप व्हायला लागतो, म्हणजे ताकद संपून आवाजाची लाट वरून कापली जाते, आवाज चिरका येतो अन् त्यात ट्विटर, म्हणजे बारीक सुरांचा छोटा स्पीकर, जळतो. म्हणजे कमी ताकदीचा ॲम्पही स्पीकर जाळू शकतो, काऊन की त्याला ताकदीबाहेर ताणलं. अन् हे १५ वॉट कमी समजू नका. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ मध्ये नियम केला की जाहिरातीत वॉट सांगायचे तर सतत मिळणारे सांगा, डिस्टॉर्शनसकट (आवाज किती बिघडतो त्याच्या आकड्यासकट), त्यामुळं त्यानंतरच्या रिसिव्हरचा आकडा बऱ्यापैकी इमानदार आहे. आपल्याकडच्या डेकवर पुढं जे हजार-दोन हजार पीएमपीओ (क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा) छापून यायचे, ते वेगळंच प्रकरण.

मग बघायचं काय, तर सेन्सिटिव्हिटी. स्पेसिफिकेशनमध्ये ८६ डीबी, ९० डीबी (डेसिबल, आवाजाचं माप) असं लिहिलेलं असते, म्हणजे १ वॉट दिला तर १ मीटरवर किती आवाज निघतो. इथं ३ डीबी वाढले की निम्म्याच वॉटमध्ये तेवढाच आवाज मिळते अशी गंमत आहे. म्हणजे ८६ च्या जागी ९२ चा स्पीकर घेतला तर तुमचा १५ वॉटचा रिसिव्हर ६० वॉटच्या रिसिव्हरसारखा वाजणार, अन् त्यासाठी ॲम्पवर एक रुपया खर्च नाही. माझं मत विचाराल तर १५ वॉटला ८९-९० च्या खाली जाऊ नका. खोली लहान असेल अन् जवळ बसून ऐकणार असाल तर ८७ वरही भागते.

पण या आकड्यात एक चलाखी असते. बऱ्याच कंपन्या १ वॉट न लिहिता २.८३ व्होल्ट लिहितात. ८ ओहमच्या (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो अडथळा) स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर १ वॉट, पण ४ ओहमच्या स्पीकरला तेच २ वॉट होतात. तेव्हा ४ ओहमचा स्पीकर "९० डीबी २.८३ व्होल्ट" म्हणत असेल तर मनातल्या मनात ३ कमी करून ८७ धरायचा. अन् काही कंपन्या खोलीतल्या भिंतींचा फायदा धरून आकडा देतात, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी अगदी काटेकोर जुळवत बसू नका, अंदाज घ्या.

आता ओहम, हे मात्र हलक्यात घेऊ नका. रिसिव्हरच्या मागे टर्मिनलजवळ बारीक अक्षरात ४-१६ ओहम नाहीतर ८-१६ ओहम लिहिलेलं असते, धूळ पुसून टॉर्च मारून वाचा. तिथं ८ असेल तर ८ चेच घ्या. ४ ओहमचा स्पीकर ॲम्पकडून दुप्पट करंट ओढतो, अन् चाळीस-पन्नास वर्षांची आउटपुट ट्रान्झिस्टर, वरून मे महिन्यातली आपली ४५ डिग्री, कशाला परीक्षा पाहायची. रिसिव्हरची ए अन् बी दोन्ही बटणं दाबून स्पीकरच्या दोन जोड्या एकदम लावणारे तर आणखी जपून, काऊन की ८ अन् ८ समांतर लागले की ४ होतात. जुना कुणाचा स्पीकर मिळून राहिला असेल अन् मागची चिठ्ठी उडाली असेल तर मल्टिमीटर लावून बघा, ८ ओहमचा साधारण ६ च्या आसपास दाखवतो, ४ चा ३ च्या आसपास.

आता आपल्याकडची खरी अडचण, कूलर. डिसेंबरात शांत खोलीत स्पीकर घेतला अन् खुश झाला, एप्रिल लागला की खिडकीत कूलर घरघर करायला लागतो अन् गाण्यातला सगळा बारकावा त्याच्या आवाजात बुडतो, म्हणून स्पीकर उन्हाळ्याच्या हिशेबानं निवडा. वरून टिनाचं छत असेल तर आवाज कर्कश होऊन परत येतो, अशा खोलीत खूप तिखट ट्विटरचा स्पीकर नको. कवेलूच्या घरात अन् जाड मातीच्या भिंतीत हा त्रास कमी. ओसरीत ठेवणार असाल तर अंगणाकडची बाजू उघडी, आवाज निघून जातो, तिथं ९० पेक्षा जास्तच पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, सगळेच ९५ चे काऊन नाही बनवत? कारण लहान डबा, खोल बेस अन् जास्त सेन्सिटिव्हिटी, या तिन्हीपैकी दोनच मिळतात. जोसेफ हॉफमन नावाच्या माणसाने हे मांडलं, केएलएच या स्पीकरच्या कंपनीतला एच तो हाच, अन् लोक त्याला लोखंडी नियम म्हणतात. म्हणून जास्त आवाज अन् बेस दोन्ही पाहिजे तर डबा मोठा घ्यावाच लागते, छोट्या डब्यातून दोन्ही मिळतात म्हणणाऱ्याचं ऐकू नका. बीबीसीचा तो प्रसिद्ध छोटा स्पीकर एलएस३/५ए सेन्सिटिव्हिटीत ८३ च्या आसपासच, ऐकायला सुंदर, पण आपल्या १५ वॉटला अन् कूलरला त्याची जोडी नको. क्लिप्श कंपनीसारखे हॉर्नवाले, म्हणजे भोंग्याचे स्पीकर या कामाला फिट बसतात, पण काहींना त्यांचा वरचा आवाज जरा पुढं पुढं वाटतो, तेव्हा ऐकूनच घ्या. वार्फडेल डायमंडसारखे साधे बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणारे, लहान खोलीला ठीक. होम थिएटरच्या डब्यातले सॅटेलाइट, म्हणजे चिमुकले स्पीकर नको, ते बरेचदा ३-४ ओहमचे. मांडववाल्याकडची १२ इंची पीए (कार्यक्रमाच्या लाउडस्पीकरची) पेटी मात्र, हसू नका, ओसरीत ऐकून तरी बघा, ९५ च्या वर सेन्सिटिव्हिटी असते, खोल बेस नाही पण भजन-कीर्तन दणदणीत वाजते.

ऐकायला नागपूर-अमरावतीला गेलात तर शक्यतो आपला रिसिव्हर गाडीत घालून न्या. दुकानातल्या २०० वॉटच्या ॲम्पवर कोणताही स्पीकर गोड वाजतो, त्याचा काही उपयोग नाही. तुकडोजी महाराजांचं खंजिरी भजन सोबत घ्या. खंजिरीची झांज टोचली की ट्विटर ओळखू येतो, अन् तिचा थाप बसताना आवाज फाटला की समजा इथं वॉट संपले. नेहमीपेक्षा थोडा जास्त आवाज करून बघा, नॉब अर्ध्याच्या आतच राहिला पाहिजे. सराउंड, म्हणजे स्पीकरच्या पडद्याच्या कडेची पट्टी, रबरचा बघा, फोम पावसाळ्यातल्या दमटीनं काही वर्षांत चुरगळतो.

नवे स्पीकर लावायच्या आधी रिसिव्हरही तपासा. आवाज शून्यावर, स्पीकर काढलेले, मीटर डीसी मिलीव्होल्टवर ठेवून टर्मिनल मोजा, ५० च्या आत असेल तर ठीक, शेकड्यात गेला तर आधी मेकॅनिककडे, नाहीतर नव्या वूफरचीच (बेसच्या मोठ्या स्पीकरची) कॉइल जाईल. रिसिव्हर अमेरिकेतून आला असेल तर तो १२० व्होल्टचा असू शकतो, मागे सिलेक्टर आहे का बघा, नसेल तर स्टेपडाउन (व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) पाहिजेच, अन् गावची लाईन कशी नाचते ते सांगायला नको, स्टॅबिलायझर लावा.

वायर साधी दीड स्क्वेअरची फ्लेक्झिबल चालते, पाच मीटरपर्यंत काही फरक पडत नाही, महागडी घेऊ नका. जुन्या रिसिव्हरला दाबायच्या क्लिपा असतात, त्यात वायर सेंटिमीटरभर सोलून, तारा पिळून घाला, एकही तार बाजूच्या क्लिपला लागू देऊ नका. लाल लालला, काळा काळ्याला. एका बाजूचं उलटं लागलं तर बेस गायब होतो अन् आवाज मधे जमत नाही, तेव्हा एकाच स्पीकरची वायर उलटी करून बघायची. अन् घरात उंदीर असतील तर वायर पाइपातून न्या.