बाटल्यांच्या झाकणांपासून किल्ल्यांची पट्टी

बाटल्यांची झाकणं वितळवून घरी काही बनवायचं असेल तर त्या प्लास्टिकच्या खोडी आधी समजून घ्या, वस्तू मग ठरवा. एचडीपीईला (झाकणांचं हे कडक पॉलिथीन) कुठलाच गम नीट धरत नाही, लांब फळी केली तर वजनाने झोल पडतो आणि उन्हात ते ठिसूळ होतं. म्हणून जोड नसलेली, लहान आणि घरात राहणारी वस्तू निवडा. मी सुतारकामातला हौशी माणूस. माझं मत भिंतीवर किल्ल्या अडकवायच्या पट्टीला.

३० बाय ८ सेंमी, जाडी दीड सेंमी. गुणाकार ३६० घनसेंमी. एका घनसेंमीला साधारण ०.९५ ग्रॅम, म्हणजे ३४० ग्रॅमच्या आसपास. ४०० ग्रॅम झाकणं घ्या, कारण थंड होताना माल अंग चोरतो.

झाकणाच्या आत त्रिकोणात २ असेल तेच घ्यायचं. ५ म्हणजे पीपी, पॉलिप्रोपिलीन हे वेगळं प्लास्टिक. ते एचडीपीईशी एकजीव होत नाही, पुढे तिथूनच तडकतं. पाण्यात टाकून फरक कळत नाही, दोन्ही तरंगतात. खूण नसेल तर सरळ बाजूला काढा. पीव्हीसीला भट्टी दाखवूच नका, विषारी वायू सुटतो.

रंग दोनच, फार तर तीन. सगळे एकत्र केले की चिखल होतो. मला निळा-पांढरा आवडतो.

झाकणं धुवा, पूर्ण वाळवा, कापा. जुना ओटीजी (विजेचा छोटा ओव्हन) गॅलरीत मांडा. त्यात पुन्हा खाण्याचं काही करायचं नाही. एचडीपीई १३० अंशांच्या आसपास वितळतं, तरी आतपर्यंत मऊ व्हायला १८० ठेवा. धूर दिसला तर लगेच उतरवा. बेकिंग पेपरवरचा माल पुरणासारखा मऊ झाला की जाड हातमोजे घालून गोळा करा, एक-दोनदाच पिळा आणि परत आत ठेवा. जास्त मळलंत तर रंगांच्या रेघा जातात.

तोवर सनमायका लावलेल्या प्लायची चौकट तयार हवी, आत बेकिंग पेपर. गोळा दाबून बसवा, झाकणफळी ठेवून शिकंजे (क्लॅम्प) आवळा. दर काही मिनिटांनी पुन्हा आवळायचे. इथे कंटाळा केला की पट्टी पापडासारखी वाकते. रात्रभर हात लावू नका.

कडा करवतीने कापा, रंध्याने साफ करा. पॉलिशपेपर टाळा, त्याने बारीक धूळ उडते. हुकांसाठी आधी बारीक ड्रिलने भोकं पाडा. भिंतीवर दोन स्क्रू पुरतात. रंध्याच्या ढलप्या डब्यात ठेवा, पुढच्या घाण्यात जातात.