औषधे चालू असताना गाडी चालवायची असल्यास

लातूर, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरला डॉक्टरांकडे जायचे, गोळीचा पहिला डोस तिथेच घ्यायचा आणि त्याच दिवशी गाडी चालवत गावी परतायचे, ही मराठवाड्यातील अनेक घरांची रीत आहे. म्हणून चिठ्ठी हातात पडताच, "मी गाडी चालवतो, या औषधाने गुंगी किंवा चक्कर येते का?" असे डॉक्टरांना विचारावे. औषधाच्या पाकिटावरील लाल उभी रेघ डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते घेऊ नये एवढेच सांगते. रेघ नसली म्हणजे गाडी चालवण्यास हरकत नाही, असा अर्थ काढू नये.

सर्दी-खोकल्याची औषधे लोक सर्वांत निर्धास्तपणे घेतात आणि मला काळजी वाटते ती त्यांचीच. त्यांपैकी अनेकांत असलेल्या क्लोरफेनिरामाइनने झोप येते, पण डोळे मिटण्याच्या कितीतरी आधी हातपाय मंदावलेले असतात आणि आपण पूर्ण सावध आहोत असेच चालवणाऱ्याला वाटत राहते. ताशी 80 किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे 22 मीटर पुढे जाते. गळीत हंगामात रात्री मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली समोर आली, तर ब्रेक दाबायला तेवढा उशीरही जीवघेणा ठरतो. चहा घेऊन ही गुंगी उतरत नाही. फेक्सोफेनाडिनसारखे कमी झोप आणणारे औषध चालेल का, हे विचारून घ्यावे.

झोपेच्या किंवा चिंतेवरच्या गोळ्यांचा, उदाहरणार्थ क्लोनाझेपामचा, असर दुसऱ्या दिवशीही राहू शकतो. मात्र गाडीसाठी त्या आपल्या मनाने बंद करू नयेत आणि त्यांच्यासोबत दारू मुळीच घेऊ नये. औषधाच्या अमलाखाली गाडीवर ताबा राहत नसेल, तर मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 185 नुसार तो गुन्हा आहे. चिठ्ठी दाखवून त्यातून सुटका होईल असे समजू नये.

मधुमेहींना धोका गुंगीचा नसून साखर उतरण्याचा असतो. ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन घेऊन, नवरात्राचा उपवास धरून तुळजापूरला स्वतः गाडी चालवत जाणाऱ्यांनी डोस आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा. निघताना ग्लुकोमीटरवर आकडा 90 च्या खाली असल्यास काही खाऊन, साखर वाढल्याचे पाहूनच निघावे आणि ग्लुकोजची पुडी हाताशी ठेवावी. वाटेत घाम, थरथर किंवा गोंधळल्यासारखे जाणवताच गाडी कडेला लावून बंद करावी, ग्लुकोज घ्यावे आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. आकडा पूर्ववत झाला तरी पुढची 45 मिनिटे स्टेअरिंग हाती घेऊ नये, कारण मेंदू सावरायला अधिक वेळ लागतो.

रक्तदाबाची गोळी नवी सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर पहिले काही दिवस चक्कर येते का, हे घरीच पाहावे. डोळ्यांच्या तपासणीत बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यास काही तास धूसर दिसते आणि ऊन सहन होत नाही; त्या दिवशी मोटारसायकल घरी ठेवून एसटीने जावे.