उपदंशाकडे पारंपरिक चिनी वैद्यक कसे पाहते: निदान आणि औषधपत्र वाचण्याची रीत

उपदंश, ज्याला बोलीभाषेत गरमी म्हणतात, हा आजार चिनी वैद्यकाच्या प्राचीन ग्रंथांत आढळत नाही. यू ब्यान या मिंग राजवटीच्या काळातील वैद्याच्या नोंदीनुसार होंगझी सम्राटाच्या कारकिर्दीच्या अखेरीस, म्हणजे १५०५ च्या सुमारास, दक्षिण चीनमधील ग्वांगदोंगकडच्या लोकांपासून एक दुष्ट फोडांचा आजार पसरू लागला. यांगत्से नदीच्या खालच्या खोऱ्यातील लोकांना तो ओळखता येईना, म्हणून त्यांनी त्याला ग्वांगदोंगचे फोड म्हटले आणि रूपावरून यांगमेई च्वांग असेही नाव दिले. यांगमेई हे आपल्या कायफळाच्या कुळातले लाल, दाणेदार सालीचे फळ आहे, आणि दुसऱ्या अवस्थेतील काही रुग्णांच्या अंगावर उठणारे लालसर उंचवटे पाहिल्यावर ही उपमा सहज पटते.

आजार नवा आणि सिद्धांत जुने, अशी ही जुळणी असल्यामुळे उपदंशाचे चिनी निदान वाचताना ओलावा, उष्णता आणि विष या तीन कल्पना सतत भेटतात. चीनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारे मराठी विद्यार्थी, सिंगापूर-मलेशियात चिनी औषधालयात जाणारे आपले लोक, किंवा संकेतस्थळावरून चिनी वनौषधींची पाकिटे मागवणारे ग्राहक यांच्या हाती असे निदान पडले, तर त्यातून काय घ्यावे आणि काय बाजूला ठेवावे, हे ठरवण्याची रीत येथे दिली आहे.

आधी अवस्था ओळखावी

कोणतेही निदान हाती आले की त्यातील वनस्पतींच्या नावांकडे न वळता प्रथम ते आजाराच्या कोणत्या अवस्थेबद्दल बोलते आहे ते पाहावे. जननेंद्रियावरील पहिल्या, बहुधा न दुखणाऱ्या आणि कडक कडेच्या व्रणाला चिनी वैद्य शिया-गान म्हणतात. जांघेतील सुजलेल्या गाठीला हेंग-श्वान, अंगभर उठणाऱ्या पुरळाला यांगमेई च्वांग, आणि काही वर्षांनी हाडे, टाळू, नाक यांवर येणाऱ्या गाठी व व्रणांना जिये-दू, म्हणजे साकळलेले विष, असे म्हणतात. आईकडून बाळाला मिळालेल्या आजाराचे वर्णनही वेगळे केलेले असते. आधुनिक वैद्यकाच्या प्राथमिक, द्वितीय, तृतीय आणि जन्मजात या विभागणीशी ही नावे बऱ्यापैकी जुळतात, आणि सूक्ष्मदर्शकाचा आधार नसताना केवळ डोळ्यांनी आणि वर्षानुवर्षांच्या निरीक्षणाने ही साखळी ओळखणे ही माझ्या मते या परंपरेची खरी कमाई आहे.

ती साखळी मात्र एका ठिकाणी तुटते. पहिला व्रण काहीही उपचार न करता साधारण तीन ते सहा आठवड्यांत आपोआप भरतो, नंतरचे पुरळही मावळते, आणि मग आजार कित्येक वर्षे कोणतीही खूण न दाखवता शरीरात दडून राहू शकतो. पाहणे, ऐकणे व वास घेणे, विचारणे आणि नाडी धरणे या चार परीक्षांवर चिनी निदान उभे असते, आणि या सुप्तावस्थेत चारही परीक्षांना हाती लागण्यासारखे फारसे काही उरत नाही. काढा सुरू केल्यावर चौथ्या आठवड्यात व्रण भरला, तर त्याचे श्रेय काढ्याला द्यावे की आजाराच्या स्वभावाला, हे रुग्णाला किंवा वैद्याला नुसते पाहून ठरवता येत नाही. पुढचे सगळे वाचताना ही गोष्ट मनात ठेवावी.

मग विषाची जागा आणि वाट पाहावी

अवस्था कळली की निदानातील दुसरा भाग वाचावा. पहिल्या अवस्थेत तेथे बहुधा यकृत-वाहिनीतील ओलसर उष्णता असे लिहिलेले असते. येथे यकृत म्हणजे पोटातील अवयव एवढाच अर्थ घेऊ नये. चिनी कल्पनेतील ही वाहिनी पायाच्या अंगठ्यापासून निघून मांडीच्या आतल्या बाजूने वर जाते आणि जननेंद्रियाला वळसा घालते, म्हणून त्या भागातील व्रणाचा संबंध यकृताशी जोडला जातो. ओलावा जड असतो, खाली उतरतो आणि चिकटून बसतो, तर उष्णता लाली, दाह आणि स्राव निर्माण करते, अशी त्यामागची मांडणी आहे. आयुर्वेद माहीत असलेल्या मराठी वाचकाला हे पित्त-कफाचे मिश्रण वाटेल. ढोबळ आकलनासाठी ते चालेल, पण त्या आधारावर एका परंपरेचे औषध दुसऱ्या परंपरेच्या तर्काने घेऊ नये.

दुसऱ्या अवस्थेत हे विष रक्तात गेले आणि रक्त तापले, असे वर्णन येते. तिसऱ्या अवस्थेत ते स्नायू-हाडांत साकळले असे म्हटले जाते, आणि मज्जारज्जू किंवा हृदय बिघडले असल्यास यकृत-वृक्क (वृक्क म्हणजे मूत्रपिंड) किंवा हृदय-वृक्क यांच्या क्षीणतेची भाषा वापरली जाते. वरून आत, उथळाकडून खोलाकडे असा हा प्रवास आहे.

विष शरीरात शिरले कसे, याबद्दल १६१७ मध्ये चेन शिगोंग या शल्यवैद्याने केलेली विभागणी आजही उद्धृत केली जाते. हवेतून किंवा सहवासातून लागलेला आजार वरवरचा व सौम्य आणि शरीरसंबंधातून लागलेला आजार खोल व कठीण, असे तो सांगतो. यातील पहिला भाग आज सोडून द्यावा. उपदंश हवेतून पसरत नाही. तो मुख्यतः लैंगिक संबंधातून, गर्भवतीकडून बाळाला आणि क्वचित दूषित रक्तातून पसरतो. या विभागणीने अनेक प्रतिष्ठित रुग्णांची घरातली अडचण सोडवली असावी असा मला दाट संशय आहे, पण जोडीदाराची तपासणी टाळण्यासाठी तिचा आधार आज कोणी घेत असेल तर ते धोक्याचे आहे. चेन सिचेंग या वैद्याने १६३२ मध्ये केवळ याच आजारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि त्यात शरीरसंबंधातून व वंशातून होणाऱ्या प्रसाराची चर्चा केली. त्याच्या उपचारांत सोमलयुक्त (आर्सेनिक असलेली) औषधे होती, आणि योगायोग असा की युरोपात १९१० मध्ये उपदंशावर आलेले साल्वर्सान हेदेखील सोमलाचेच संयुग होते.

औषधपत्र जवळून वाचताना

समजा, पहिल्या अवस्थेतील रुग्णाच्या कागदावर लिहिले आहे: जीभ लाल, तिच्यावर पिवळा चिकट थर, तोंड कडू, लघवी थोडी आणि गडद, नाडी तारेसारखी ताणलेली आणि जलद. खाली लोंगदान शियेगान तांग हे नाव आहे. हा दहा द्रव्यांचा जुना काढा असून त्यात मुख्य द्रव्य जेन्शियनचे अतिशय कडू मूळ असते; जोडीला उष्णता कमी करणारी, लघवीवाटे ओलावा काढणारी आणि रक्त सांभाळणारी द्रव्ये असतात. कागदावरील लक्षणे आणि काढ्यातील द्रव्ये एकमेकांशी तर्काने जुळतात, पण त्या जुळणीवरून काढा उपदंश घडवणाऱ्या ट्रेपोनेमा पॅलिडम या जंतूला मारतो असे सिद्ध होत नाही.

याच काढ्यातील मुतोंग या द्रव्याकडे विशेष लक्ष द्यावे. त्या नावाखाली ग्वान मुतोंग ही अ‍ॅरिस्टोलोकिक आम्ल असलेली वनस्पती दीर्घकाळ वापरली गेली आणि तिने अनेकांची मूत्रपिंडे कायमची निकामी केली, त्यामुळे चीनने २००३ मध्ये तिची अधिकृत मान्यता काढून घेतली. पाकिटावर केवळ मुतोंग असे लिहिले असेल आणि वनस्पतीचे शास्त्रीय नाव, उत्पादक किंवा तुकडी क्रमांक नसेल, तर ते पाकीट घेऊ नये.

दुसरे नाव हमखास दिसते ते तुफुलिंगचे. हे स्मायलॅक्स ग्लाब्राचे कंदमूळ आहे, चव गोडसर-फिकी, प्रकृती सम, आणि चीनच्या अधिकृत औषधकोशात त्याचा उपयोग उपदंशासाठी तसेच पाऱ्याच्या विषबाधेने आखडलेल्या हातापायांसाठी नोंदवलेला आहे. हे दोन उपयोग शेजारी शेजारी असण्याचे कारण इतिहासात आहे. त्या काळी छिंगफेन हे पाऱ्याचे संयुग उपदंशावर सर्रास दिले जाई. ली शिझेन या मिंगकालीन वैद्याने १५७८ मध्ये पूर्ण केलेल्या औषधकोशात त्याचे परिणाम असे वर्णन केले आहेत: औषध घेताच हिरड्या-दातांच्या फटींतून लाळ वाहू लागते, फोड वाळतात, रुग्णाला बरे झाल्यासारखे वाटते, परंतु मात्रा चुकली तर विष वाहिन्यांत आणि हाडांत शिरते आणि पुढे सांधे आखडतात, गळवे येतात. आजच्या वाचकाला यात पाऱ्याची विषबाधा आणि तिसऱ्या अवस्थेकडे सरकलेला उपदंश हे दोन्ही एकत्र दिसतील. त्यावर तुफुलिंग हा सौम्य पर्याय म्हणून पुढे आला आणि तो घेताना चहा वर्ज्य करण्याचा दंडक पडला.

येथे गोव्याचा संबंध येतो. हीच मुळी व्यापारी जहाजांतून चायना रूट म्हणून पश्चिमेकडे गेली आणि गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात तिची या आजारावरील औषध म्हणून चर्चा केली. सोळाव्या शतकातील आयुर्वेदाचार्य भावमिश्रानेही फिरंग रोगावर, म्हणजे उपदंशावर, तिचा निर्देश द्वीपांतर वचा या नावाने केला आहे. आपल्या काष्ठौषधीच्या दुकानात ती चोपचीनी म्हणून मिळते. भावमिश्राकडे याच आजारावर रसकापूर हे पाऱ्याचे औषधही आहे, तेव्हा पाऱ्याचा धोका केवळ चिनी पाकिटांपुरता मानू नये. उपदंशावरच्या कोणत्याही जुन्या पद्धतीच्या औषधात पारा, सोमल किंवा हिंगूळ (पाऱ्याचे खनिज) आहे का, हे स्पष्ट शब्दांत विचारून घ्यावे.

प्रत्यक्षात काय करावे

चीनमधील पारंपरिक वैद्यकाच्या महाविद्यालयांत शिकवल्या जाणाऱ्या पाठ्यपुस्तकांतही उपदंशासाठी पेनिसिलीन हा पहिला उपाय आणि काढे हे पूरक, अशीच मांडणी आहे. म्हणून एखादा वैद्य किंवा विक्रेता चिनी परंपरेच्या नावावर इंजेक्शन टाळायला सांगत असेल, तर तो त्या परंपरेच्या आजच्या शिकवणीबाहेर बोलत आहे असे खुशाल समजावे.

व्रण, पुरळ किंवा जोखमीचा संबंध यांपैकी काहीही असल्यास काढ्याची वाट न पाहता रक्ततपासणी करावी. व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही चाचणी आणि तिच्या जोडीला टीपीएचए, अशी सामान्य पद्धत आहे. व्रण अगदी नवा असताना चाचणी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे ती पुन्हा करावी. महाराष्ट्र आणि गोव्यासह देशभरातील निवडक सरकारी रुग्णालयांत सुरक्षा क्लिनिक या नावाने यासाठी मोफत सेवा आहे, आणि माहितीसाठी १०९७ हा दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. त्याच भेटीत एचआयव्हीची तपासणीही करून घ्यावी. गर्भवतीने तर एक दिवसही दवडू नये, कारण वेळेवर दिलेले पेनिसिलीन बाळालाही वाचवते.

सुरुवातीच्या अवस्थेत सामान्यतः बेंझाथीन पेनिसिलीनचे २४ लाख युनिटचे एक इंजेक्शन आणि जुन्या आजारात आठवड्याच्या अंतराने तीन इंजेक्शने दिली जातात. पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी असल्यास ते आधी सांगावे. इंजेक्शननंतर पहिल्या चोवीस तासांत ताप, अंगदुखी आणि पुरळ वाढणे असे होऊ शकते. ही जंतू मरत असतानाची ओळखीची प्रतिक्रिया आहे. हाच ताप पाहून एखादा काढेवाला विष उफाळले असे सांगतो आणि पुढचे इंजेक्शन बंद करायला लावतो. तसे करू नये. काढा घ्यायचाच असेल तर तो नंतर, डॉक्टरांना त्यातील द्रव्यांची यादी दाखवून आणि मूत्रपिंड व यकृताच्या चाचण्या नीट असतील तरच घ्यावा.

उपचार लागू पडला का, हे व्रणावरून किंवा जिभेच्या थरावरून न ठरवता आरपीआरच्या आकड्यावरून, म्हणजे रक्ताचा नमुना किती पट पातळ केला तरी चाचणी पॉझिटिव्ह येते यावरून, ठरवावे. उपचाराच्या दिवशी १:३२ असलेला आकडा सहा ते बारा महिन्यांत १:८ किंवा त्याखाली, म्हणजे चौपट खाली यायला हवा. त्यासाठी प्रत्येक वेळी तीच चाचणी आणि शक्यतो तीच प्रयोगशाळा ठेवावी. टीपीएचए मात्र बहुतेकांमध्ये आयुष्यभर पॉझिटिव्हच राहते, त्यामुळे ती पॉझिटिव्ह दाखवून कोणी आणखी काढे विकू लागला तर घेऊ नयेत. जोडीदाराचीही तपासणी आणि गरजेप्रमाणे उपचार त्याच सुमारास व्हावेत, आणि दोघांचे उपचार पूर्ण होऊन व्रण भरेपर्यंत संबंध टाळावेत. एकदा बरा झालेला उपदंश पुन्हा होऊ शकतो, म्हणून नवीन जोखीम आली की आकड्यांचा जुना कागद सोबत नेऊन पुन्हा तपासणी करावी.