भारतीय हॉकी संघाचा अंदाज बांधताय? या चुका टाळा

मोठी स्पर्धा जवळ आली की आमच्या चौघांत पैज लागते. हॉकी इंडियाची यादी येण्याआधी प्रत्येकाने आपला संघ कागदावर लिहायचा आणि घडी घालून एकाकडे द्यायचा. ज्याची जास्त नावं चुकतील, त्याने बाकीच्यांना मिसळ खिलवायची. पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी मिसळ माझ्याकडे लागली. सोळांपैकी माझी तीन नावं चुकली: कृष्ण पाठक, जुगराज सिंग आणि नीलकांत शर्मा. गंमत अशी की जाहीर झालेल्या यादीत हेच तिघे राखीव होते. म्हणजे मी दारापर्यंत बरोबर पोहोचलो, आत कोण जाणार एवढंच चुकलं! माझ्या कागदावर नसलेले तिघे होते संजय, राजकुमार पाल आणि गुरजंत सिंग. पुढे जे लिहितोय ते या तिघांनी शिकवलेलं आहे.

आकडा न बघता नावं लिहायला बसणं

पाठकचं नाव लिहिलं ते सवयीने. संघ म्हटला की दोन गोलरक्षक, हे डोक्यात पक्कं. पण ऑलिंपिकचा संघ सोळांचा असतो. अकरा मैदानात, पाच बाहेर. त्या पाचांतला एक जण कदाचित एक मिनिटही न खेळणारा गोलरक्षक असेल, तर धावायला चारच उरतात. म्हणून पॅरिसला सोळांत एकटा श्रीजेश होता. २०२३च्या विश्वचषकाला अठरा जण होते, तिथे श्रीजेश आणि पाठक दोघेही संघात बसले. २०२५च्या राजगीरच्या आशिया चषकातही अठरा होते, आणि पाठकसोबत मुंबईचा सूरज करकेरा होता. (आमच्यातला एक जण दर वेळी मुंबईचा गोलरक्षक लिहितो आणि आम्ही हसतो. राजगीरच्या वेळी तो हसला.)

तेव्हा आधी कागदाच्या डोक्यावर स्पर्धेचा आकडा लिहा, त्याखाली गोलरक्षक किती ते लिहा, आणि मगच नावांकडे वळा.

खेळाडू मोजणं, कामं न मोजणं

सगळ्यात महाग पडते ती ही चूक. जुगराजला घेताना माझा हिशेब सरळ होता: हरमनप्रीत बाहेर बसला की पेनल्टी कॉर्नर मारणार कोण? दुसरा ड्रॅग-फ्लिकर, म्हणजे कॉर्नरवर चेंडू काठीने ओढून गोलात फेकणारा, हवाच. पण संजय बचावपटू असून फ्लिकही मारतो. २०२१च्या ज्युनिअर विश्वचषकात त्याने हॅटट्रिक केल्या होत्या. अमित रोहिदासही फ्लिक मारतो. मी ज्या कामासाठी एक अख्खी जागा दिली, ते काम आत असलेले दोघे जण जाता जाता करणार होते. आणि पॅरिसला हरमनप्रीतने दहा गोल करून स्पर्धेत पहिला क्रमांक पटकावला, त्यामुळे माझी काळजीच फोल ठरली.

याच हिशेबाची दुसरी बाजू आपल्याला टीव्हीवर दिसते, पण यादी लिहिताना आठवत नाही. पेनल्टी कॉर्नर आपल्यावर असेल, तर गोलरक्षक धरून पाच जण गोलरेषेमागे उभे राहतात. चेंडू आत ढकलला की त्यांतला एक जण तोंडावर मुखवटा, गुडघ्याला पॅड अशा अवतारात थेट फ्लिकरच्या अंगावर धावतो. तो पहिला रशर. समोरून येणारा चेंडू ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे असतो आणि त्याचं काम त्याच्या वाटेत जाणं हे आहे. गोलांच्या तक्त्यात या कामाची नोंद कुठेच होत नाही. भारतासाठी ते वर्षानुवर्षं रोहिदासने केलं. पॅरिसच्या उपांत्यपूर्व सामन्यात ब्रिटनविरुद्ध १७व्या मिनिटाला त्याला लाल कार्ड मिळालं, वर एका सामन्याची बंदी आली, आणि बंदीच्या जागी राखीव घेता येत नाही म्हणून जर्मनीविरुद्धचा उपांत्य सामना भारत पंधरा जणांत खेळला. जर्मनीची बरोबरी झाली ती पेलाटच्या पेनल्टी कॉर्नरवर. रोहिदास असता तर तो गोल अडला असता असं छातीठोक कुणी सांगू नये, मीही सांगत नाही. पण माझ्या मित्राने ज्या रोहिदासला ‘वय झालं’ म्हणून खोडलं होतं, त्याची जागा किती मोठी होती ते त्या रात्री कळलं.

गुरजंत सुटला तोही याच चुकीने. दोन गोलरक्षक घेतल्यावर माझ्याकडे आघाडीचे चारच उरले. हॉकीत बदली खेळाडू हवे तितक्या वेळा आत-बाहेर होतात, आणि सगळ्यात लवकर दम लागतो तो आघाडीवाल्यांना, कारण समोरच्या बचावफळीवर चाल करून जाण्याची सुरुवात त्यांच्यापासून होते. तिघे मैदानात असताना बाहेर एकच ताजा असेल, तर शेवटच्या पंधरा मिनिटांत पाय उचलत नाहीत. निवडलेल्या संघात आघाडीचे पाच होते. साधी बेरीज होती, मी केली नाही.

राखीव म्हणजे बाद, असं समजणं

टोकियो ऑलिंपिकच्या सोळांत सिमरनजीत सिंग नव्हता. मग कोरोनामुळे नियम सैल झाले आणि संघ अठरांचा झाला. प्रत्येक सामन्याला त्यांतले सोळा. सिमरनजीत असा मागच्या दाराने आला आणि कांस्यपदकाच्या सामन्यात जर्मनीविरुद्ध ५-४ अशा विजयात दोन गोल करून गेला.

राजकुमार पालची गोष्ट मला जास्त झोंबते. २०२३च्या विश्वचषकात तो राखीव होता आणि हार्दिक सिंग जखमी झाल्यावर आत आला. दीड वर्षाने पॅरिसला थेट सोळांत. मी मात्र त्याच्या जागी अनुभवी नीलकांत लिहिला होता. ब्रिटनविरुद्ध बरोबरीनंतरच्या शूटआउटमध्ये भारताचा निर्णायक गोल कुणी केला? राजकुमार पालने. मी टीव्हीसमोर नाचलो, आणि नाचता नाचता आठवलं की हा माझ्या कागदावर नाही.

तेव्हा मागच्या स्पर्धेचे राखीव कोण होते ते वेगळं लिहून ठेवा. पुढच्या यादीतलं नवीन नाव बऱ्याचदा तिथूनच येतं.

नाव, भाव आणि जुनी पुण्याई

हॉकी इंडिया लीगच्या लिलावातली बोली म्हणजे संघातला क्रमांक नव्हे. तिथे परदेशी खेळाडू सोबत असतात, जागा वेगळी असते, प्रशिक्षक वेगळा असतो. सामन्यांची संख्याही फसवी. टोकियोच्या यादीत आकाशदीप सिंग, रमणदीप सिंग आणि एस. व्ही. सुनील हे तिघेही अनुभवी आघाडीवीर नव्हते.

आणि कधी कधी निवडीचा हॉकीशी संबंध किती, हाच प्रश्न पडतो. १९९८मध्ये बँकॉकला भारताने आशियाई सुवर्ण जिंकलं, तब्बल ३२ वर्षांनी. कर्णधार आमच्या खडकीचा धनराज पिल्ले. परत आल्यावर धनराजसह अनेक अनुभवी खेळाडू संघाबाहेर! असल्या यादीचा अंदाज कुणालाच बांधता येत नाही. तेवढी दोन-तीन नावं चुकली तर मिसळीत तर्री जास्त घालून सोडून द्यावं.

एकाच कागदावर दोन स्पर्धा

२०२६चं वेळापत्रक बघा. विश्वचषक १५ ते ३० ऑगस्ट, बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये. आशियाई क्रीडा स्पर्धा १९ सप्टेंबरपासून जपानमध्ये, आणि तिथलं सुवर्ण म्हणजे लॉस एंजेलिस ऑलिंपिकचं थेट तिकीट. मधे जेमतेम तीन आठवडे. अशा वेळी कुठल्या स्पर्धेची यादी ओळखतोय ते आधी ठरवा. एकीची नावं दुसरीवर उतरवली की दुखापती, विश्रांती, नवख्यांना दिलेली संधी हे सगळं कागदाबाहेर राहतं.

यादी सतरावर अडली तर

दर वेळी अडते. उपाय आहे, फक्त तो निष्ठूर आहे. प्रत्येक नावापुढे त्याची कामं लिहा: कुठल्या जागी खेळतो, फ्लिक, कॉर्नरवर चेंडू ढकलणं, तो थांबवणं, रश, शूटआउट. ज्याची सगळी कामं दुसऱ्या कुणापुढे तरी लिहिलेली आहेत, त्याला खोडा. बहुतेकदा तो आपला आवडता असतो. माझ्या कागदावर ते नाव हल्ली मी पेन्सिलने लिहितो आणि घडी घालायच्या आधी शेवटचं खोडतो. गेल्या वेळी खोडलं नाही, मिसळ परत मीच दिली.